वाऱ्याच्या वाट्या

मला एका जागी बसता येत नाही. जेवताना मी दोनदा उठते. टीव्हीसमोर बसले तर मांडीवर भाजी निवडायला घेते, आणि भाजी नसली तर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते. लेक म्हणते, "आई, तुला खुर्चीला बांधून ठेवलं ना, तर तू खुर्ची घेऊन फिरशील." नवरा गेल्यापासून हे जास्तच वाढलं. दिंडोशीला टेकडीच्या पायथ्याशी पाचव्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, आणि घरात आम्ही तिघी बायका: मी, माझी सासू आणि माझी लेक. तिघींपैकी घरात पाय टिकतो तो फक्त सासूबाईंचा, तोसुद्धा गुडघे दुखतात म्हणून.

एका ठिकाणी मात्र मी तासन्‌तास बसायचे. कांदिवलीला विजेचे मीटर बनवायचा कारखाना होता, तिथल्या स्टुलावर. जुन्या मीटरात काचेमागे ॲल्युमिनियमची एक चकती फिरायची, आठवत असेल. ती चकती तिच्या इवल्याशा बेअरिंगवर बसवायचं काम आमच्या लाइनीकडे होतं, आणि लाइनीत सगळ्या बायकाच. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. घरात झिरोचा एकच बल्ब लावला तरी चकती हलली पाहिजे, अशी तिची परीक्षा असायची. न हललेला मीटर परत आमच्याकडे यायचा आणि वर सुपरवायझरची बोलणी. पुढे बिनचकतीचे मीटर आले, आमची लाइन बंद झाली आणि मी घरी येऊन तांदूळ निवडायला लागले.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. एका रविवारी संध्याकाळी लेक आली आणि तिने जुन्या टी-शर्टात गुंडाळलेलं काहीतरी जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मी पोळ्या लाटत होते. टी-शर्ट उलगडून बघते तर वीतभर लांबीचा काळा दांडा. त्याच्या एका टोकाला भातुकलीत असतात तेवढ्या तीन वाट्या, दुसऱ्या टोकाला माशाच्या शेपटीसारखं एक पातं.

"हे काय गं?"

"वारा मोजायचं यंत्र. वाट्या फिरतात त्यावरून वेग कळतो, शेपटीवरून दिशा. डोलकाठीच्या टोकावर बसवलेलं असतं."

"मग इथे कसं आलं?"

"मी वर चढून काढलं."

दोरीवरचे कपडे काढून आणल्यासारखं तिने हे सांगितलं आणि पोळीचा तुकडा तोडून तोंडात टाकला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार मजली इमारतीएवढी उंच डोलकाठी, आणि ही तिच्यावर चढली, आणि आल्या आल्या हिला पोळी सुचते आहे. मी लाटणं आपटलं. ती शांतपणे दुसरा तुकडा तोडायला लागली.

ती शिडाची बोट एका डॉक्टरांची. हाडांचे डॉक्टर होते, आता निवृत्त झालेत. बोट मार्व्याच्या खाडीत नांगरलेली असते. लेक कॉलेजात असताना छोट्या होड्या चालवायला शिकली आणि मग दर रविवारी या बोटीवर जायला लागली. मी त्याला रविवारचं खूळ म्हणायचे. लोकांच्या मुली मॉलमध्ये जातात, माझी दोर ओढायला जाते, एवढंच. पण त्या शनिवारी ती चौघाजणांबरोबर त्याच बोटीतून गोव्याला आणि तिथून पुढे कोचीला निघणार होती. रात्रंदिवस समुद्रात. मला तिने जायला नको होतं. हे मी तिला एकदा सरळ सांगितलं होतं, तेव्हा ती "हं" म्हणाली होती. त्या "हं"वर आमचं बोलणं थांबलं होतं ते थांबलेलंच होतं. परवानगी तिने मागितली नव्हती. सव्वीस वर्षांची बाई परवानगी कशाला मागेल?

"बेअरिंग गेलंय याचं," लेक म्हणाली. "जोराचा वारा असेल तरच फिरतं. हलक्या वाऱ्यात ढिम्म. नवीन मागवलं तर यायला महिना लागेल. डॉक्टरकाका डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, माझी आई करेल."

"तू कशी म्हणालीस?"

"तुला येतं म्हणून म्हणाले."

मी हात पुसले आणि एक वाटी बोटाने ढकलली. खर्र करून अर्धा फेरा झाला आणि जागच्या जागी थांबला. वाळूत चाक रुतावं तसं. मी ते यंत्र उचललं आणि फ्रिजवर ठेवून दिलं. मनात हिशेब झाला होता. यंत्र नाही तर प्रवास महिनाभर पुढे जाईल. महिन्याभरात ऑफिसवाले सुट्टी नाकारतील, नाहीतर डॉक्टरांचा बेत बदलेल, नाहीतर हिलाच सर्दीखोकला होईल. काही ना काही होईल. बेअरिंग मी बदलणार नव्हते.

पण ते फ्रिजवर होतं आणि मी घरात होते. दूध काढायला गेले की दिसायचं. सोमवारी मी पाणी प्यायला म्हणून इतक्या वेळा फ्रिजपाशी गेले की सासूबाईंनी विचारलं, "गो, तुका ताप बीप इलो काय?" मी गॅलरीत गेले, आत आले, कपडे झटकून पुन्हा वाळत घातले. पायांना थारा नव्हता आणि बोटं शिवशिवत होती. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या आणि मी यंत्र खाली घेतलं. नुसतं उघडून बघायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

वाट्यांच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढा स्क्रू होता. नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यातली सगळ्यात बारीक किल्ली त्याला लागली. वाट्या वर निघाल्या. आत पोलादी दांडी आणि तिच्यावर दोन बेअरिंगं, शर्टाच्या बटणाहूनही लहान. दोन्हींवर मिठाची पांढरी पुटं चढलेली, खाली तपकिरी गंज. मी बेअरिंगांभोवतीच्या खोबणीला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली, थोडं थोडं हलवलं, तेव्हा कुठे ती सुटून आली. एक कानाशी धरून फिरवलं. जात्याचा आवाज. किती दिवसांनी मी बेअरिंग कानाशी धरलं होतं! आमच्या लाइनीत आम्ही तसंच करायचो. डोळा फसतो, कान फसत नाही, असं आम्ही नव्या मुलींना सांगायचो. त्या दुपारी मी टेबलाशी बसले ती चहाची वेळ टळून गेली तरी उठले नाही, आणि हे मला उठल्यावरच कळलं.

एकदा उघडल्यावर तसंच ठेवणं मला जमणारं नव्हतं. मंगळवारी जुनं बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी अंधेरीला गेले. कारखान्यांच्या वस्तीत एक दुकान आहे, भिंतभर खण आणि प्रत्येक खणात बेअरिंगं. दुकानदाराने माझं बेअरिंग तळहातावर घेतलं, मोजलं आणि हसला. "मॅडम, ये तो रिमोटवाली खिलौने की गाडी का है. बच्चे के लिए?"

"हां," मी म्हटलं. "बच्ची के लिए."

आठवडाभरात माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य धड खरं होतं. एक जोड घेऊन मी घरी आले आणि चहासुद्धा न घेता टेबलाशी बसले.

नवीन बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस असतं. मोटारीला ते ठीक, पण वाऱ्याच्या हलक्या झुळकीला ते ढकलवत नाही. ते धुऊन काढायचं आणि घड्याळाला घालतात तसलं पातळ तेल, तेही सुईच्या टोकावरून, एकच थेंब. मग बसवायचं. बसवताना दाब नेहमी बाहेरच्या कडीवर द्यायचा. आतल्या कडीवर दाबलं तर गोळ्यांना खाचा पडतात, आणि बेअरिंग नवं असून म्हातारं होतं. मी जुन्या स्केचपेनचं टोपण शोधलं, ते बाहेरच्या कडीवर नेमकं बसलं. हलक्या हाताने ठोकलं. दांडी घातली, वाट्या चढवल्या, स्क्रू आवळला आणि लांबून फुंकर मारली.

वाट्या फिरल्या. फिरतच राहिल्या. मी श्वास धरून बसले आणि त्या आपल्या गरगर गरगर, आवाज नाही की अडखळणं नाही. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी "झकास!" म्हटलं, हा शब्द त्या नातीकडून शिकल्यात. आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. हे फिरायला लागलं म्हणजे ती जाणार. मी यंत्रावर जाळीचं झाकण घातलं आणि कारण नसताना ओटा घासायला घेतला.

बुधवारी सकाळी अंगावर काटा येईल असा गारवा होता. टेकडीमागे जंगल आहे, तिथून उतरतो. मी आंघोळ करून बाहेर आले तर देवघरासमोर उदबत्तीचा वास आणि पाटावर माझं यंत्र. तिन्ही वाट्यांना कुंकू. शेपटीला हळद. दांड्यावर झेंडूचं फूल. आणि वाट्यांच्या मधोमध, नेमकं जिथे नको तिथे, खोबरेल तेल. थंडीने ते गोठून पांढरं झालेलं, आणि त्या पांढऱ्यात कुंकवाचे दाणे रुतलेले.

मी वाटी ढकलली. हलली नाही.

"आई, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलंय? पूजा केलंय," सासूबाई म्हणाल्या. "दर्यात जातली वस्तू ती. आमच्या घरात नवी मशीन येवंदे, सायकल येवंदे, पयली कुकू लावतंत नि मगे तेल. तुझ्या शिलाय मशिनीक कोणी लावलेला?"

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या घरात मिक्सरलाही हळदकुंकू लागलंय आणि कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला खोबरेल, मग ती कडी असो की गुडघा. मालवणकडून आलेल्या घरात खोबरेलावर जेवढा विश्वास असतो तेवढा डॉक्टरवर नसतो. पण मला तेव्हा हे सगळं सुचलं नाही. मी ओरडले. बारीक कण आत गेला की बेअरिंग संपलं, तुम्हाला विचारायला काय होतं, माझा अख्खा दिवस गेला, असं बरंच काही. सासूबाई पाटाकडे बघत बसून राहिल्या. त्यांचे डोळे भरले आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

तिथे ओट्याशी उभी राहिले आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, छातीवरचं ओझं उतरावं तसं बरं वाटलं. काम मी केलं होतं, मनापासून केलं होतं. बिघडलं ते माझ्या हातून नाही. लेकीला आता कोणत्या तोंडाने सांगू, असा प्रश्नही नाही. मी फोन लावला आणि आवाज जमेल तेवढा पडेल ठेवला.

"वाट लागली गं," मी म्हटलं. "आजीने तेल ओतलं. कुंकू गेलं आत."

ती आधी हसली. खूप हसली. मग म्हणाली, "जाऊ दे. आजीला ओरडू नकोस. आम्ही त्याच्याशिवाय जाऊ."

"त्याच्याशिवाय?"

"हो. पूर्वी कुठे होतं सगळ्यांकडे? वारा गालाला कळतो ना."

"आणि काळोखात?"

"काळोखातही कळतो. फक्त तो वाढत चाललाय हे थोडं उशिरा कळतं. शीड लहान करायला उशीर नको व्हायला, एवढंच. बघू, अंदाजाने करू."

अंदाजाने! मी गॅस बंद केला. मग मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं, "सुट्टी किती दिवसांची मिळालीये तुला?"

तिच्यामागे ऑफिसातला आवाज येत होता.

"सुट्टी नाहीये आई. राजीनामा दिलाय. सांगणार होते."

"कधी?"

"आता सांगितलं ना. कोचीहून एकाची बोट पुढे न्यायची आहे. मालदीवपर्यंत. काकांनी माझं नाव सुचवलंय. जमलं तर तिथूनच जाईन. मग पुढचं पुढे."

मी फोन ठेवला. हातातला डाव सिंकमध्ये फेकला, तो भांड्यांवर आपटून केवढा तरी आवाज झाला. महिनाभर मी समुद्राला शिव्या देत होते, लाटांची स्वप्नं बघत होते, आणि ही इकडे नोकरी सोडून मोकळी झाली होती. मला राग आला, आणि रागाच्या खाली त्याहून वाईट काहीतरी होतं. ती गेली तर या घरात मी काय करू? कोणासाठी पोळ्या लाटू? हे मी त्या दिवशी मोठ्याने म्हटलं नाही, पण भिंतींना ऐकू गेलं असेल.

दुपारभर मी या खोलीतून त्या खोलीत नुसती चालत होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "गो, जरा बस. माझ्या डोळ्यांक फेरी इली."

मी बसले नाही. पण थांबले.

"माझो बापूस मचव्यार होतो," त्या म्हणाल्या. मचवा म्हणजे त्यांच्याकडची शिडाची मोठी होडी, माल नेणारी. "आवस कधी जाव नको म्हणाक नाय. वल्ह्याक कुकू लावी, मचव्याक तेल लावी, नि घरात येवन दार लावन घेय. माका वाटलेला, तसाच करूचा. माका काय म्हायत हेका तेल चालना नाय."

"तुम्हाला ती जायला हवी आहे का?"

"माका नको. पण तू नको म्हटलंस म्हणान ती रवतली?" त्यांनी पाय चोळला. "जातलीच तर निदान धड जांवदे."

मी पाटावरून यंत्र उचललं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडून स्कूटरमधलं कपभर पेट्रोल आणलं, गॅलरीत बसून बेअरिंगं काढली आणि धुतली. पुन्हा पुन्हा धुतली. पेट्रोल गुलाबी झालं. कानाशी धरलं तर एक ठीक होतं आणि दुसऱ्यात एका जागी टिक् करून काहीतरी लागायचं. फेऱ्याला एकदा. लहानशी गोष्ट, दुसऱ्या कोणाला ऐकूही आली नसती. मीटरात असतं तर एखाद्या बिलात चार युनिट इकडेतिकडे. पण मला सारखी शिडाची ती एकच गोष्ट आठवत होती, वारा वाढल्याचं उशिरा कळतं ती. गुरुवारी मी परत अंधेरीला गेले.

"गाडी टूट गया?" दुकानदाराने विचारलं.

"सास ने तेल डाला," मी म्हटलं. तो एवढा गंभीर झाला की मला हसू आलं. या वेळी मी दोन जोड घेतले.

सगळं पुन्हा केलं. ग्रीस धुतलं, सुईवरून थेंब सोडला, टोपणाने बसवलं. शेपटीच्या बाजूचं बेअरिंगही बदललं, ते चांगलं होतं तरी. पंख्याखाली धरलं, गॅलरीत धरलं, जिन्यात धरलं. कुठलाही वारा मला पुरेना. सासूबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन लांब उभ्या होत्या आणि विचारत काही नव्हत्या. मी दांड्याच्या खालच्या अंगाला, बेअरिंगांपासून लांब, बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी तिथे एक ठिपका लावला आणि हात जोडले.

शुक्रवारी दुपारी मी स्वतःच ते मार्व्याला घेऊन निघाले. लेक सकाळीच गेली होती, सामान भरायला. तिला मी म्हटलं होतं की मीच आणून देते, वाटेत कोणाच्या हातात पडायला नको. मालाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसा मी रिक्षातून हात बाहेर काढून यंत्र वाऱ्यात धरलं. वाट्या दिसेनाशा झाल्या इतक्या फिरल्या. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "मॅडम, गरम होतंय काय? थंडी आहे की." मी म्हटलं, "तू गाडी चालव रे, पुढे बघ." त्याने वेग कमी केला तर वाट्याही सावकाश झाल्या, वाढवला तर लगेच वाढल्या. सिग्नलला थांबलो तेव्हा समोरून नुसती झुळूक आली आणि त्या तेवढ्यावरही हलल्या. मी यंत्र पदरात धरून बसले.

खाडीतून एका लहान होडीने मला बोटीपर्यंत नेलं. डॉक्टर दोरांची गुंडाळी करत होते. पांढरे केस, उन्हाने रापलेले, आणि बोलणं असं की पेशंटला इंजेक्शन देण्याआधीचं. "ताई, तुम्ही आमची लाज राखलीत." उरलेले तिघे डिझेल आणायला गेले होते. लेकीने यंत्र हातात घेतलं, फुंकर मारली आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मग मांड्यांतून पट्टे बांधले, त्यांना दोन दोर अडकवले, एक चढायचा आणि एक जपायचा.

"मी विंच फिरवतो," डॉक्टर म्हणाले. विंच म्हणजे दोर ओढायचा रहाटासारखा ढोल. "त्यावरून सुटणारं टोक कोणीतरी ताणून धरायला हवं. ताई, धराल?"

नाही कसं म्हणणार? दोराचं टोक मी दोन्ही हातांनी धरलं. डॉक्टर हँडल फिरवायला लागले, दोर हातभर हातभर माझ्याकडे येऊ लागला आणि माझी लेक वर जायला लागली. आधी तिच्या चपलांचे तळवे दिसत होते. मग ती लहान होत गेली. बोट थोडी हलली की डोलकाठीचं टोक आभाळात केवढं तरी सरकायचं आणि तिच्यासकट सरकायचं. माझ्या तळव्यांना घाम आला. मी दोर मनगटाला वेढा देऊन धरायला गेले तशी डॉक्टर म्हणाले, "ताई, वेढा नको, नुसता धरा." मी नुसता धरला. माझे ओठ आपोआप पुटपुटायला लागले होते.

वरून टक् असा आवाज आला. यंत्र खोबणीत बसलं.

"आई, आकडा बघ!"

सुकाणूच्या चाकाजवळ वाऱ्याचा वेग दाखवणारा तळहाताएवढा पडदा होता. तिथे शून्य होतं. मग एकदम सहा झालं. मग सात, मग पुन्हा सहा. बाणसुद्धा हलत होता.

"सहा!" मी ओरडले. "सात! सहा!"

"बरोबर आहे! एकदम बरोबर आहे!" ती वरून ओरडली आणि हसली. तिचं हसणं मी तिच्या जन्मापासून ओळखते, पण तसलं हसणं मी आमच्या घरात ऐकलं नव्हतं. मी मान वर करून पाहिलं. काम संपलं होतं तरी ती उतरायचं म्हणत नव्हती. डोलकाठीला एक हात घालून, पाय मोकळे सोडून ती खाडीच्या तोंडाकडे बघत होती, जिथून समुद्र सुरू होतो तिकडे. वाऱ्याने तिचे केस एका बाजूला गेले होते. घाबरली असेल, असं वाटून मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती अजिबात घाबरलेली नव्हती. शाळा सुटल्यावर पोरं जशी दिसतात तशी दिसत होती.

"चल, ये आता खाली," मी म्हटलं.

"थांब ना. इथून काय दिसतंय सांगू!"

"आपली टेकडी दिसते का?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे, पण विचारून गेले.

तिला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडून विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली. "तिकडे बघितलंच नाही गं."

मी दोर धरून उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. डॉक्टरांनी दुसरीकडे मान वळवली. वर लेकीलाही बहुतेक काहीतरी वाटलं, कारण ती डोलकाठीभोवती हळूच वळली, डोळ्यांवर हात धरला आणि दिंडोशीच्या बाजूला बराच वेळ बघत राहिली.

"नाही दिसत आई," ती म्हणाली. "मालाडचे टॉवर आडवे येतायत."

"बरं," मी म्हटलं.

"सोडा ताई," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू सोडा."

मी पहिल्यांदा हातभर दोर सोडला. मग आणखी हातभर.